कोठीपोटातला चारा मोजताना

मुंबईतले बहुतेक तबेलेवाले हिरवा चारा विकत घेतात, आणि तो घेतात वजनावर. गोरेगाव-जोगेश्वरीकडे सकाळी टेम्पो लागतो, भारे उतरतात, काटा होतो, पैसे चुकते होतात. त्या भाऱ्यात पाणी किती, नुसतं काष्ठ किती आणि म्हशीच्या पोटात खरोखर पचून दुधाकडे वळणारं किती, हे त्या काट्यावर दिसत नाही. पशुपोषणात पदव्युत्तर शिक्षण घेताना माझ्या वाट्याला नेमकं हेच मोजायचं काम आलं: आपल्याकडचा चारा जनावराच्या पोटात किती विरघळतो आणि किती वेगानं विरघळतो.

सरांनी नमुने मीच निवडावेत असं सांगितलं. मी पॅरा गवत घेतलं, संकरित नेपिअर घेतला, सुबाभळीचा पाला घेतला आणि भाताचा पेंढा घेतला. पॅरा गवताशिवाय मुंबईच्या म्हशींचा विचारच होत नाही. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, शहरातल्या म्हशी तिकडे हलवल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी दलदलीत, तबेल्याच्या सांडपाण्यावर जोमानं वाढणारं हे गवत लावलं गेलं. नेपिअर आता पालघर-वसईकडून येतो. पेंढा तर कोकणात भात आहे तोवर येतच राहणार.

नमुने आणायला ज्या तबेल्यात जायचे तिथले तात्या जन्मभर म्हशींत राहिलेले. मी कात्री, पिशव्या, लेबलं काढून बसले तेव्हा त्यांनी नेपिअरचं एक ताट उचललं आणि माझ्या कानाशी धरून मोडलं. कट्ट आवाज आला. "हे जून. आवाज आला की समजायचं, वेळ टळून गेली." मग दुसरं ताट मोडलं. ते नुसतं वाकलं, सालीचा धागा लोंबत राहिला. "हे खरं खाणं. त्या पहिल्या ताटानं म्हशीचं पोट भरतं गं पोरी, रवंथ करत बसते दिवसभर, पण दूध चढत नाही."

त्यांचं हे वाक्य मी प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. पोट भरतं पण दूध चढत नाही, याचं कारण आकड्यांत दाखवता येतं, आणि पुढचे सगळे महिने मी तेच करत होते.

कारण समजून घ्यायला आधी कोठीपोट समजून घ्यावं लागतं. गाई-म्हशींच्या पोटाच्या चार कप्प्यांतला हा सर्वांत मोठा. मोठ्या जनावरात शंभर लिटरच्या आसपास माल त्यात मावतो. आत साधारण ३९ अंश सेल्सिअस तापमान, प्राणवायू जवळजवळ नाही, सामू सहा ते सातच्या दरम्यान, आणि जीवाणू, आदिजीव, बुरशी यांची तुडुंब वस्ती. गवतातला तंतू म्हशीला स्वतःला पचवता येत नाही. तो हे सूक्ष्मजीव फोडतात, त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात, ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि जनावराची बहुतेक ऊर्जा तिथून येते. पण चारा तिथे कायमचा थांबत नाही. रवंथ होऊन बारीक झाला की पुढे सरकतो. म्हणजे एकीकडे सूक्ष्मजीवांचं फोडणं आणि दुसरीकडे चाऱ्याचं पुढे निसटणं, यांची सतत शर्यत चालू असते. फोडण्याचा वेग कमी असेल तर चारा एक तर न पचता निसटतो, नाहीतर जागा अडवून बसतो. जागा अडली की म्हैस पुढचं खात नाही. तात्या म्हणत होते ते हेच.

उष्ण प्रदेशातल्या गवतांत ही अडचण मुळातच जास्त. नेपिअर, पॅरा, गिनी, मारवेल ही सगळी सी-४ जातीची, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची वेगळी पद्धत असलेली गवतं. कडक उन्हात ती झपाट्यानं वाढतात, पण त्यांच्या पानांतल्या शिरांभोवती जाड भिंतींच्या पेशींचं वेष्टण असतं, आणि उष्म्यात लिग्निन लवकर साठतं. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ. कोठीपोटात प्राणवायू नसल्यामुळे तिथले जीवाणू त्याचं जवळजवळ काहीच करू शकत नाहीत. शिवाय लिग्निन स्वतः पचत नाही ते नाहीच, शेजारच्या पचण्याजोग्या तंतूलाही झाकून टाकतं.

पहिलं काम नमुना वाळवायचं. ६० अंशांच्या भट्टीत हळूहळू. घाई करून तापमान फार वाढवलं तर प्रथिनं आणि शर्करा एकमेकांना चिकटून न पचणारा पदार्थ तयार होतो, आणि मग तुम्ही चाऱ्याची नाही, भट्टीची करामत मोजता. पावसाळ्यात कापलेलं पॅरा गवत वाळून बाहेर आलं की भरलेल्या ट्रेच्या तळाशी मूठभर काहीतरी उरलेलं दिसायचं. बाकी सगळं पाणी, आणि ते पाणी तबेलेवाल्यानं गवताच्या भावानं घेतलेलं.

मुंबईच्या हवेशी झटापट इथूनच सुरू होते. वाळलेला, दळलेला चारा जुलै महिन्यात टेबलावर उघडा ठेवला तर तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो, कारण तो हवेतली ओल पितो. म्हणून भट्टीतून काढलेलं सगळं डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारे खडे ठेवलेल्या काचेच्या हवाबंद भांड्यात, थंड करायचं आणि झाकण उघडल्याबरोबर तोलायचं. त्यातले निळे सिलिका जेलचे खडे ओल शोषून गुलाबी होतात. कोरड्या गावात ते आठवडेच्या आठवडे निळे राहत असतील, आमच्याकडे पावसाळ्यात सतत भट्टीत टाकून परत निळे करावे लागायचे. प्रयोगशाळेतले मामा हे काम कोणी न सांगता करायचे. त्यांनी खडे वेळेवर वाळवले नसते तर माझ्या अर्ध्या आकड्यांना अर्थ राहिला नसता.

मग नायलॉनच्या पिशव्या. पिशवीत चारा घालून तो कोठीपोटात सोडायचा आणि ठरावीक तासांनी काढून किती उरला ते बघायचं, ही युक्ती जुनी आहे. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रेशमी पिशव्या वापरून हे केल्याची नोंद आहे. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेतल्या ऑर्स्कॉव्ह आणि मॅकडोनल्ड यांनी त्या आकड्यांना बसणारं समीकरण दिलं आणि ही पद्धत जगभर पसरली. पिशवीच्या कापडाची छिद्रं साधारण ५० मायक्रॉनची लागतात. त्याहून मोठी असतील तर चाऱ्याचे कण न पचताच बाहेर पडतात, फार बारीक असतील तर जंतू आत येत नाहीत आणि वायू अडकून पिशवी फुगते. चाराही पिशवीच्या आकाराच्या मानानं मोजकाच घालायचा, गच्च भरली तर मधल्या चाऱ्यापर्यंत काही पोचत नाही.

यासाठी जनावराच्या डाव्या भकाळीत शस्त्रक्रिया करून कोठीपोटापर्यंत रबरी नळी (कॅन्युला) बसवलेली असते, वर घट्ट झाकण. अशी जनावरं ठेवायला प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी. आमचा रेडा मी झाकण काढत असताना शांतपणे वैरण खात उभा असायचा. पहिल्यांदा हात आत घातला तेव्हाची ऊब अजून हाताला आठवते. वर तंतूंचा जाड, घट्ट थर, जणू भिजलेली गादीच, आणि त्याखाली पातळ द्रव. पिशव्या त्या थराखाली जायला हव्यात, वर तरंगून उपयोग नाही. म्हणून त्या वजन लावलेल्या साखळीला बांधतात. आत सोडण्याआधी कोमट पाण्यात भिजवतात, म्हणजे कोरडा चारा ओला होण्यात पहिले तास फुकट जात नाहीत.

वेळापत्रक उलटं लावलं होतं. ९६ तासांची पिशवी सगळ्यांत आधी आत, मग ७२ ची, मग ४८, २४, १२, ६, आणि सगळ्या एकाच वेळी बाहेर. कारण धुणं. पिशवी बाहेर काढली की आतले जंतू काम थांबवत नाहीत, म्हणून लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग नळाखाली धुवायची. पाणी आधी हिरवट-तपकिरी येतं, मग गढूळ, मग बराच वेळ फिकट पिवळं, आणि शेवटी स्वच्छ. कमी धुतली तर घाण वजनात धरली जाते, जास्त चोळली तर कण निघून जातात. सगळ्या पिशव्या एकाच हातानं, एकाच दिवशी, एकसारख्या धुतल्या गेल्या तरच एकमेकींशी तुलना करता येते. एक पिशवी कोठीपोटात न घालता नुसतीच धुतात, ती शून्य तासाची. पाण्यातच विरघळून जाणारा भाग किती, ते तिच्यावरून कळतं.

पेंढ्याच्या पिशव्यांनी मला फार शिकवलं. सहा तासांनंतरच्या पिशवीतला नायट्रोजन मोजला तर तो आत घातलेल्या पेंढ्यापेक्षा जास्त निघाला. पेंढ्याला प्रथिनं फुटलीत असा त्याचा अर्थ नाही. पेंढ्यात मुळात प्रथिनं तीन-चार टक्केच, आणि तंतूवर घट्ट बसलेले जीवाणू कितीही धुतलं तरी पुरते निघत नाहीत. मोजला गेला तो त्यांचा नायट्रोजन. निकृष्ट चाऱ्याच्या प्रथिनांचा आकडा अशा पिशवीवरून काढणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. पेंढ्याची आणखी एक गंमत: बहुतेक वैरणींत पान चांगलं आणि दांडा वाईट असतो, भाताच्या पेंढ्यात मात्र उलटं. त्याच्या पानांत सिलिका जास्त असते, त्यामुळे दांडाच बरा पचतो.

पिशवीतून चारा नाहीसा झाला म्हणजे तो पचलाच, असं मात्र म्हणता येत नाही. बारीक भुकटी छिद्रातून निघून गेलेली असू शकते. म्हणून सोबत वायूची चाचणी. ही जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात मेंके आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. काचेच्या १०० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम चारा, त्यावर कोठीपोटातला द्रव आणि बायकार्बोनेटचं कृत्रिम लाळेसारखं द्रावण मिळून ३० मिलिलिटर, ३९ अंशांवर २४ तास. चारा आंबतो, वायू होतो, दट्ट्या वर सरकतो. सरकलेलं अंतर म्हणजे पचनाचा माग.

त्यासाठीचा द्रव आम्ही देवनारच्या कत्तलखान्यातूनही आणला. तिथे पहाटेच जावं लागतं. नुकत्याच कापलेल्या म्हशीच्या कोठीपोटातला माल मलमलीच्या चार पदरांतून पिळून, आधीच गरम पाण्यानं तापवलेल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरायचा, वर हवा राहू द्यायची नाही. हवा लागली की मरणारे जीव ते. मग टॅक्सीनं शीवमार्गे परळ, थर्मास मांडीवर. गर्दी सुरू व्हायच्या आत पोचायचंच. ज्या परळमध्ये १८८६ पासून पशुवैद्यकाचं शिक्षण चालतं, तिथे हातात कोठीपोटाचा द्रव घेऊन धावत जिना चढणारी मी काही पहिली नसणार.

प्रयोगशाळेत द्रावणातून कार्बन डायऑक्साइड सोडत ठेवलेला असतो आणि त्यात रेझाझुरिन या रंगद्रव्याचे थेंब टाकलेले असतात. प्राणवायू असेल तोवर द्रावण आधी निळं, मग गुलाबी, आणि प्राणवायू संपला की रंगच जातो. तो गुलाबी रंग उडेपर्यंत द्रव मिसळायचा नाही. ही थांबण्याची मिनिटं मला सगळ्यांत जड जायची, कारण शेजारी थर्मासमधले जीवाणू दर मिनिटाला कमी होत असतात.

कत्तलखान्यातल्या जनावरानं आधी काय खाल्लं, किती वेळ उपाशी होतं, हे माहीत नसतं. त्यामुळे रोजचा द्रव वेगळा. म्हणून प्रत्येक खेपेला काही सिरिंजमध्ये चाराच घालत नाहीत आणि काहींत ठरलेलं प्रमाणित गवत घालतात. नुसत्या द्रवाचा वायू वजा करायचा आणि प्रमाणित गवताचा आकडा नेहमीच्या मर्यादेत आला तरच ती खेप धरायची. हे न करता दिलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही, मग ते कोणाचेही असोत.

सुबाभळीनं इथे वेगळीच बाजू दाखवली. उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेनं शेतकऱ्यांत रुजवलेलं हे झाड, पाल्यात प्रथिनं भरपूर. पण वायू अपेक्षेपेक्षा कमी. याची दोन कारणं. प्रथिनं फुटली की अमोनिया होतो, तो आम्ल मारतो, आणि बायकार्बोनेटमधून निघणारा वायू तेवढा घटतो. म्हणजे कमी वायू याचा अर्थ कमी पचन असा इथे घेता येत नाही. दुसरं, पाल्यातले टॅनिन नावाचे तुरट पदार्थ प्रथिनांना बांधून ठेवतात. ते तपासायला त्याच पाल्याच्या काही सिरिंजमध्ये पॉलिएथिलिन ग्लायकॉल घालतात. टॅनिन त्याला चिकटतात, आणि वायू वाढला तर टॅनिनचा अडसर होता हे कळतं. आमचा वाढला. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषही असतं. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना ते बाधत नाही हे ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं, आणि त्या शेळ्यांच्या कोठीपोटातल्या एका जीवाणूला पुढे त्यांचंच नाव मिळालं: सिनर्जिस्टिस जोन्सी. पोटात राहतं कोण यावरही पचन ठरतं, हे यातून मला जितकं स्पष्ट कळलं तितकं कुठल्या व्याख्यानातून कळलं नव्हतं. तरी हिरव्या चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, हेच मी कोणालाही सांगेन.

सगळे आकडे समीकरणात बसवले की प्रत्येक चाऱ्याच्या नावे तीन गोष्टी निघतात: लगेच विरघळणारा भाग, हळूहळू फुटणारा भाग, आणि त्या फुटण्याचा ताशी वेग. सगळा जीव या तिसऱ्या आकड्यात आहे, आणि नेमकं त्याच्याकडे कोणी बघत नाही. समजा दोन चारे आहेत. दोन्हींत २० टक्के लगेच विरघळतो आणि ५० टक्के हळूहळू फुटू शकतो, म्हणजे पुरेसा वेळ मिळाला तर दोघेही ७० टक्क्यांपर्यंत जातील. एकाचा वेग ताशी ६ टक्के, दुसऱ्याचा ३. चारा कोठीपोटातून ताशी ३ टक्के वेगानं पुढे सरकतो असं धरलं, तर पहिल्याचे सुमारे ५३ टक्के प्रत्यक्षात फुटतात, दुसऱ्याचे ४५. जास्त दूध देणारी, जास्त खाणारी म्हैस घ्या, तिचा माल ताशी ५ टक्के वेगानं सरकतो असं धरा, की आकडे सुमारे ४७ आणि ३९ वर येतात. कागदावर सारखेच दिसणारे हे दोन चारे म्हशीच्या पोटात मात्र सारखे राहत नाहीत.

कोवळ्या आणि जून नेपिअरच्या माझ्या वक्ररेषांत हाच फरक उमटला होता. कोवळ्याची रेषा पहिल्या दिवसातच उभी चढून आडवी झाली होती. जूनची दोन दिवस झाले तरी हळूहळू वर चढतच होती, आणि पोचली तीही खालीच. पॅरा गवताचंही तसंच, फुलोऱ्याआधी आणि फुलोऱ्यानंतर. त्या दोन रेषा एका कागदावर छापून मी तात्यांकडे घेऊन गेले. त्यांना समीकरण सांगितलं नाही. नुसतं दाखवलं की आडवी बाजू म्हणजे तास, उभी म्हणजे पचलेला चारा. त्यांनी चष्मा लावला, खालच्या रेषेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही आवाज करणारी ना?"

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्या प्रबंधात नव्हतं. कोवळं गवत वजनाला कमी भरतं, पाणी जास्त, मग भाव कसा ठरवायचा? आम्ही दोघं बसून हिशेब केला. भाऱ्याच्या वजनातून आधी शुष्क पदार्थ काढला, मग त्यातला २४ तासांत फुटणारा भाग, आणि त्यावर पैसे वाटले. हिशेबात जून नेपिअर स्वस्त उरला नाही. गवतवाल्याशी बोलून त्यांनी पहिल्या कापणीनंतरचा नेपिअर ४० ते ४५ दिवसांवरच घ्यायचं ठरवलं, भाव थोडा जास्त देऊन. पेंढा बंद केला नाही, करूही नये. दूध न देणाऱ्या जनावरांना तो पुरतो, आणि शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून, फवारून, तीन आठवडे हवाबंद ठेवला तर त्याचा फुटण्याचा भागही वाढतो. ही प्रक्रिया नीट शिकल्याशिवाय मात्र करू नका. युरिया नीट मिसळला गेला नाही आणि जनावराच्या पोटात एकदम गेला तर ते दगावतं.

आता तात्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला देतात, तोही तपासून द्या म्हणून मागे लागलेत. पहिला नमुना सध्या भट्टीत आहे. त्यात टॅनिनचा अडसर किती हे आधी सिरिंजमध्ये बघायचं, मगच पिशव्या शिवायला घ्यायच्या, असं सरांशी ठरलंय.